सामूहिक दावा

सामूहिक दावा म्हणजे एकाच कारणाने हानी सोसलेल्या अनेक व्यक्तींच्या वतीने एकाने किंवा काहींनी न्यायालयात दाखल केलेला दावा होय. प्रत्येकाची हानी लहान असल्यास स्वतंत्र दाव्याचा खर्च परवडत नाही. ही अडचण दूर करणे हा या पद्धतीचा मुख्य हेतू आहे. न्यायालयात न आलेल्या व्यक्तीवरही निकाल बंधनकारक ठरावा का, याबाबत विविध देशांच्या कायद्यांत मतभेद आहेत.

अमेरिका, इंग्लंड व युरोप
अमेरिकेत संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियम २३ मध्ये १९६६ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार भरपाईच्या दाव्यात गटात मोडणारी व्यक्ती स्वतःहून बाहेर न पडल्यास निकाल तिला लागू होतो. इंग्लंडमध्ये २००० पासूनच्या समूह दावा आदेशाच्या पद्धतीत मात्र प्रत्येकाला नाव नोंदवावे लागते. युरोपीय संघाच्या २०२० च्या निर्देशानुसार ग्राहकांच्या वतीने पात्र संस्था दावा करू शकतात.

भारत
दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश १, नियम ८ नुसार समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने न्यायालयाच्या परवानगीने प्रातिनिधिक दावा चालवता येतो. सर्वांना व्यक्तिशः किंवा जाहीर नोटीस द्यावी लागते आणि हुकूमनामा सर्वांवर बंधनकारक असतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५ मध्येही अशी तरतूद आहे.

सत्यम कॉम्प्युटर्स घोटाळा २००९ मध्ये उघड झाल्यावर अमेरिकेतील सामूहिक दावा २०११ मध्ये १२.५ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला. भारतीय भागधारकांना त्या वेळी असा मार्ग उपलब्ध नव्हता. पुढे कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४५ मध्ये भागधारक व ठेवीदारांसाठी सामूहिक दाव्याची तरतूद झाली.

जनहित याचिका ही याहून वेगळी आहे. मुंबईतील पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला. परंतु अशा याचिकेचा रोख सामान्यतः प्रत्येकाच्या भरपाईपेक्षा शासनाच्या कर्तव्यावर असतो.

यवतमाळ प्रकरण
यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कीटकनाशक फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. २०२० मध्ये ५१ बाधितांच्या वतीने सिंजेंटा कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडमधील शासकीय संपर्क कार्यालयाकडे तक्रार करण्यात आली. बासेल येथे भरपाईचा दिवाणी मार्ग मात्र एक बाधित शेतकरी व दोन मृतांच्या पत्नी यांनीच अवलंबिला. कंपनीने जबाबदारी नाकारली. स्वित्झर्लंडमध्ये अमेरिकेसारखा सामूहिक दावा नसल्याने तेथील निकाल उर्वरित बाधितांना आपोआप लागू होत नाही.