'मार्जारी' : कोशार्थ आणि काव्यार्थ

'मार्जारी' या संस्कृत शब्दाचे मांजरी, जवादी मांजर आणि कस्तुरी असे अर्थ कोशांत एकापाठोपाठ दिलेले आढळतात. एका ओळीत मांडल्यामुळे ते समकालीन आणि समान बळाचे असल्याचा भास होतो. आणि श्लेष वा ध्वनी शोधणारा अभ्यासक त्यांतील हवा तो अर्थ उचलून श्लोकावर बसवतो. अशा कोशार्थाचा आधार समीक्षेने कितपत घ्यावा, हा प्रश्न या एका शब्दाच्या निमित्ताने तपासण्याजोगा आहे.

'मार्जार' हा शब्द 'मृज्' (पुसणे, स्वच्छ करणे) या धातूशी जोडला जातो; 'मार्जन', 'संमार्जनी' हे त्याचे सगोत्र. सतत अंग चाटून स्वच्छ ठेवणारा प्राणी, एवढेच या नावात सुचते. गंधाचा त्यात मागमूस नाही. कस्तुरीपर्यंतचा प्रवास साहित्यशास्त्राच्या परिभाषेत मांडायचा तर लक्षणेच्या तीन पायऱ्या मानाव्या लागतात. जवादी मांजर हे वस्तुतः मार्जारकुलातले नव्हे. रूपसादृश्याने त्याला मांजराचे नाव मिळाले. ही गौणी लक्षणा. 'गंधमार्जार' या समासाने हा भेद स्पष्टही केला. पुढे त्याच्या शेपटीखालील ग्रंथींतून मिळणाऱ्या स्रावाला प्राण्याचेच नाव लागले. येथे संबंध कार्यकारणाचा, म्हणून लक्षणा शुद्धा. हा स्राव आणि हिमालयातील कस्तुरीमृगाच्या ग्रंथीतले द्रव्य ही भिन्न होत. परंतु उग्र सुवास आणि उपयोग यांच्या साम्यामुळे एकाचे नाव दुसऱ्यास गेले. ही पुन्हा गौणीच.

अमरकोशात मांजराची नावे सिंहादिवर्गात, तर मृगनाभि, मृगमद आणि कस्तूरी ही नावे मनुष्यवर्गात प्रसाधनद्रव्यांबरोबर येतात. या दोहोंमध्ये पूल नाही. मोनियर-विल्यम्सच्या कोशाच्या १८९९ च्या आवृत्तीत 'मार्जारी'च्या कस्तुरी या अर्थापुढे, त्याला केवळ कोशकारांचा आधार असल्याची खूण आहे. म्हणजे कोशाने नोंदलेला अर्थ कवींनी वापरलेलाच असतो, असे नाही.

कस्तुरीची अन्य नावे पाहिली तर हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. इंग्रजीतील 'मस्क'चा माग फारसी 'मुश्क'मधून संस्कृत 'मुष्क'पर्यंत, म्हणजे वृषणवाचक शब्दापर्यंत लावला जातो. आणि 'मुष्क'चे नाते उंदीरवाचक 'मूष्'शी सांगितले जाते. स्वतः 'कस्तूरी' हा शब्द बीव्हर या प्राण्याच्या ग्रीक नावाशी संबंधित असावा, असे मत प्रचलित आहे. शाश्वत विरोध असणाऱ्यांचा समास एकवचनी होतो, या पाणिनीच्या नियमाला (२.४.९) काशिकाकार 'मार्जारमूषकम्' हे उदाहरण देतात. मांजर आणि उंदीर एकाच सुगंधाच्या नावांत भेटावेत, हा योग मोहक खराच. पण तो व्युत्पत्तीचा आहे. कोणत्याही श्लोकाचा अर्थ म्हणून तो पुढे करता येत नाही.

लिंगाबाबतही हीच सावधगिरी हवी. 'मार्जारी' आणि 'कस्तूरी' ही दोन्ही पदे स्त्रीलिंगी. परंतु कस्तुरी मिळते ती नर मृगापासून, आणि जवादीचा स्राव नर-मादी दोहोंपासून. व्याकरणिक लिंगावरून सुगंधाच्या 'स्त्रीत्वा'चे प्रतीकार्थ उभारणारे वाचन द्रव्याच्या वास्तवाशी विसंगत ठरते.

लक्षणेला रूढी किंवा प्रयोजन यांपैकी एक लागते, असे मम्मटादी सांगतात. प्रयोगाचा आधार नसेल तर रूढी सिद्ध होत नाही. मग प्रयोजन दाखवण्याची जबाबदारी वाचकावर येते, आणि ते त्या रचनेच्या संदर्भातूनच दाखवावे लागते. कोश अर्थाची शक्यता सांगतो. तिची निष्पत्ती झाली की नाही, हे कविताच ठरवते.

मराठीने मात्र या प्रवासाची दिशा उलटवली. 'मार्जार'पासून आलेले 'मांजर' तिने प्राण्यासाठीच राखले, आणि स्रावाचे अरबी 'जबाद' हे नाव 'जवादी' या रूपात त्याला विशेषण म्हणून जोडले. संस्कृतात प्राण्याने सुगंधाला नाव दिले. मराठीत सुगंधाने प्राण्याला. या उलटापालटीचा पत्ता कोशातील अर्थांच्या यादीवरून लागत नाही. त्यासाठी प्रत्येक अर्थाचा प्रयोग स्वतंत्रपणे शोधावा लागतो.