११ गड्यांचा खेळ, १०५ जणांचा पट

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या नियमांत १०५ हा आकडा दोनदा आला आहे. १९७३ साली ठरले की, एका महाविद्यालयाने फुटबॉलसाठी एका वेळी फार तर १०५ विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती द्यावी. २०२५ साली ठरले की, संघाच्या पटावर फार तर १०५ नावे असावीत. आकडा तोच, पण पहिल्या नियमाने शिष्यवृत्त्यांना मर्यादा घातली, दुसऱ्याने माणसांना. हा बदल कसा झाला आणि त्यात विद्यार्थ्याच्या पदरी काय पडले, एवढेच आज आपल्याला पाहावयाचे आहे.

हा फुटबॉल आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हाती घेऊन धावावयाचे, आणि प्रतिपक्षाने अंगावर झेप घेऊन धावणाऱ्यास पाडावयाचे, असा हा दांडगा खेळ आहे. मैदानात एका बाजूचे गडी ११ असतात. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स व प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत सामना झाला, तेथून या इतिहासाचा आरंभ मानतात. प्रारंभी सारा कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती होता. पण विजयाची चटक लागली, तिकिटांचा पैसा येऊ लागला आणि वर्गात क्वचितच पाऊल टाकणारे भाडोत्री गडी संघांत शिरले. मैदानावर मृत्यूही होऊ लागले, तेव्हा १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले. त्या चळवळीतून जी संस्था निघाली, तिनेच १९१० साली ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ हे नाव धारण केले.

तथापि भरतीचा बाजार थांबला नाही. १९२९ साली कार्नेगी प्रतिष्ठानच्या अहवालाने तो चव्हाट्यावर मांडला. १९४८ साली संस्थेने कडक नियम केला : खेळाडूस मदत द्यावयाची ती त्याची गरज पाहून, आणि तीही शिक्षणशुल्कापुरती. ७ महाविद्यालयांनी तो मोडला. १९५० साली त्यांना काढून टाकण्याचा ठराव आला, पण त्यास दोन तृतीयांश मते मिळाली नाहीत. पुढच्याच वर्षी तो नियम रद्द झाला. मग १९५६ साली संस्थेने उलटी वाट धरली. गरज असो वा नसो, उत्तम गड्यास शुल्क, निवास, भोजन, पुस्तके आणि कपड्यांच्या धुलाईसाठी दरमहा १५ डॉलर देण्यास तिने संमती दिली.

येथे एक अडचण उभी राहिली. खेळाच्या बदल्यात मोबदला मिळत असेल, तर खेळणारा हा नोकर ठरत नाही काय? १९५५ साली कोलोरॅडो राज्यातील एका महाविद्यालयाचा गडी सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगारांप्रमाणे नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. त्याच काळात ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द रूढ करण्यात आला. संस्थेचे अनेक वर्षांचे कार्यकारी प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी, हा शब्द अशाच दाव्यांच्या धास्तीने पुढे आणला होता, हे १९९५ साली आपल्या पुस्तकात मान्य केले. एका शब्दाने केवढे काम केले, पाहा!

आता पटाकडे वळू. मैदानात ११ असताना १०० गडी कशाला? १९५३ साली बदली गड्यांवर निर्बंध आले होते. १९६० नंतरच्या काही वर्षांत ते उठले. त्यामुळे चढाईचे ११ निराळे, बचावाचे ११ निराळे, लाथेने चेंडू मारणारे आणखी निराळे, अशी विभागणी पक्की झाली. श्रीमंत महाविद्यालये गडी साठवू लागली. आपल्याकडे खेळला नाही तरी चालेल, पण प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये, हा हेतू. १९७३ च्या मर्यादेने या साठेबाजीस आळा घातला. १०५ चे पुढे ९५ झाले, आणि १९९४ पर्यंत ८५.

परंतु त्याच १९७३ साली दुसरा एक नियम आला, आणि आमच्या मते तोच अधिक परिणामकारक होता. त्याने शिष्यवृत्ती एकेका वर्षाची केली. पूर्वी चार वर्षांचा शब्द देता येत असे. आता प्रशिक्षकाला वर्षअखेरीस नाव वगळून नवा गडी आणता येऊ लागला. अनेक वर्षांचा शब्द पुन्हा देण्याची मुभा २०१२ साली मिळाली. उलट, विद्यार्थ्याने महाविद्यालय बदलले तर सामान्यतः एक वर्ष त्यास सामन्यांबाहेर बसावे लागे. प्रशिक्षक मात्र करार मोडून दुसरीकडे गेला तर त्यास असे बसावे लागत नसे. दोर महाविद्यालयाच्या हाती होता.

तो दोर गेल्या काही वर्षांत तुटला. २०१८ साली स्थलांतरेच्छूंची नोंदवही निघाली. २०२१ साली पहिल्या बदलापुरती बसण्याची सक्ती गेली, आणि २०२४ साली, अभ्यास समाधानकारक असल्यास, पुढच्या बदलांसाठीही ती उरली नाही. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संस्थेविरुद्ध निकाल दिला. जुलैपासून गड्यांस आपल्या नावाचा व प्रसिद्धीचा मोबदला घेता येऊ लागला. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने महाविद्यालयांनाच गड्यांस थेट पैसे देण्याची वाट मोकळी झाली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक महाविद्यालयास सुमारे २ कोटी ५ लक्ष डॉलर. त्याच तडजोडीने शिष्यवृत्तीची ८५ ची मर्यादा गेली आणि १०५ चा पट आला.

हा न्याय उशिरा झाला, पण झाला, असे आम्ही म्हणू. मात्र त्याची झळ कोणास लागली, हेही पाहिले पाहिजे. ८५ च्या काळात शिष्यवृत्तीवाचून, स्वतःचे शुल्क भरून सरावास येणारी मुले प्रत्येक संघात असत. काही संघांचा पट त्यामुळे १२० च्या वर जाई. क्वचितच मैदानात उतरणारी ही मुले महाविद्यालयाच्या रंगाचा अंगरखा घालता येतो, एवढ्यावर संतुष्ट असत. नव्या पटात त्यांचीच नावे आधी कापली गेली. न्यायाधीशांनी आक्षेप घेतल्यावर, अशा मुलांना मर्यादेबाहेर ठेवून परत घेण्याची मुभा मिळाली. पण तीही महाविद्यालयाच्या मर्जीवर.

पैसा मिळवून देणाऱ्याला आपला वाटा मिळाला, हे योग्यच झाले. हौसेने खेळणाऱ्याची जागा मात्र त्याच वेळी आकसली. शंभराहून अधिक वर्षे ज्या हौसेचे नाव घेऊन कमावत्या गड्यास त्याचा वाटा नाकारला गेला, ती खरोखरच ज्यांच्या ठायी होती, त्यांच्यासाठी हिशेबाच्या दिवशी पटावर जागा उरली नाही. यापुढे या खेळाची परीक्षा करताना पहिल्या नावास किती डॉलर मिळाले एवढेच विचारून भागणार नाही. १०६ व्या मुलाचे काय झाले, हेही विचारावे लागेल.