मोरोक्कोला निघण्याआधी: उमऱ्याचा अनुभव तिथे पुरत नाही

पाली आणि बीड परिसरातली बरीच मंडळी उमरा करून आली आहेत. आखाती देशांत नोकरीला असलेली मुलं आता आई-वडिलांना आणखी एखादा देश दाखवू म्हणतात, आणि त्यात मोरोक्कोचं नाव निघतं. मुस्लिम मुलूख आहे, म्हणजे सगळं सौदीसारखंच असणार, असं आपण धरून चालतो. गडबड तिथेच होते.

हा देश एकट्या अरबांचा नाही. तिथल्या मूळ रहिवाशांना बाहेरचे लोक बर्बर म्हणतात; ते स्वतःला अमाझिग म्हणवतात, आपणही तेच म्हणावं. 2011 च्या राज्यघटनेने त्यांची भाषा अरबीच्या जोडीला अधिकृत केली. सरकारी पाट्यांवर तिची तिफिनाघ लिपी दिसते. फ्रेंचही सगळीकडे आहे. बाजारात मात्र दारिजा, म्हणजे मोरोक्कोची बोली अरबी चालते. मदरशात शिकलेली अरबी त्यांना समजेल, पण त्यांचं उत्तर आपल्याला समजेलच असं नाही. 'बिशहाल?' (केवढ्याला?) आणि 'ला, शुक्रन' (नको, शुक्रिया) एवढं तरी पाठ करा.

आता नमाज. तिथे मालिकी फिकह चालतो. शेजारचा नमाजी हात न बांधता, सोडून उभा दिसला तर दचकू नका. असरची अजान आपल्या हनफी वेळेच्या बरीच आधी होते; कोकणातल्या शाफई भावांना ती वेळ ओळखीची वाटेल. किरातही वेगळी. आपण हफ्सची रिवायत वाचतो, तिथे वर्शची चालते. सूरह फातिहात आपण 'मालिकि यौमिद्दीन' म्हणतो, तिथे 'मलिकि' ऐकू येईल. दोन्ही बरोबर आहेत, मागून लुकमा द्यायला जाऊ नका! तिथल्या छापील कुरआनात 'फे'चा नुक्ता खाली असतो आणि 'काफ'वर एकच नुक्ता असतो, म्हणून रोज तिलावत करणाऱ्यांनी घरचा कुरआन सोबत ठेवलेला बरा.

या फरकाची अडचण जुनीच आहे. इब्न बतूता मोरोक्कोच्या तांजियर शहराचे, जन्म 1304 चा. मुहम्मद तुघलकाने त्यांना दिल्लीचा काझी केलं, तेव्हा त्यांनी हेच सांगितलं की मी मालिकी, इथले लोक हनफी, आणि मला यांची भाषाही येत नाही. सुलतानाने मदतीला नायब दिले. पुढे ते आपल्या दौलताबादलाही येऊन गेले. तांजियरच्या जुन्या शहरात त्यांची म्हणून एक कबर दाखवतात.

बहुतेक मस्जिदींत गैरमुस्लिमांना जाता येत नाही, त्यामुळे दारात कोणी विचारलं तर राग मानू नका, सलाम करून सांगा. कासाब्लांकाची हसन दुसरे यांची मस्जिद याला अपवाद आहे. मुलींना घेऊन जाणाऱ्यांनी फेसची करवियीन चुकवू नये. फातिमा अल-फिहरी या बाईंनी ती 859 मध्ये उभारली असं मानतात.

रमजानमध्ये जात असाल तर एक सांभाळा. मुसाफिराला रोजा सोडायची सवलत आहे, पण मुसलमानाने चारचौघांत खाणं तिथे कायद्याने गुन्हा आहे. घड्याळही त्या महिन्यात एक तास मागे जातं. एरवी भारत साडेचार तास पुढे असतो, तेव्हा साडेपाच.

पैशाचं. तिथलं चलनही दिरहमच, पण दुबईचा दिरहम वेगळा, तो दुकानात देऊ नका. मोरोक्कन दिरहम देशाबाहेर सहसा मिळत नाही. युरो किंवा डॉलर न्या आणि तिथल्या बँकेत बदला. शहरातल्या छोट्या टॅक्सीत बसताना मीटर लावायला सांगा. मराकेशच्या जामा अल-फना चौकात मेंदीवाल्या बायका हात धरून नक्षी काढायला लागतात आणि मग वाट्टेल ते पैसे मागतात. काळी मेंदी तर नकोच, कातडी भाजते. 'पुढे रस्ता बंद आहे' म्हणत वाट दाखवायला येणारा पोरगाही शेवटी पैसेच मागतो.

गोश्त हलाल मिळतं. जुम्म्याला घरोघरी कुस्कुस असतो. तिखट मात्र नावालाच, शेंगदाण्याची कोरडी चटणी बॅगेत असू द्या. काही हॉटेलांत दारूही मिळते, तेव्हा खोली घेताना विचारून घ्या.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. ई-व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून एजंटच्या तोंडी शब्दावर न जाता मोरोक्को सरकारच्या संकेतस्थळावर बघा, मगच तिकीट काढा. ड्रोन नेऊ नका, बंदी आहे. राजा आणि पश्चिम सहारा या दोन विषयांवर चहाच्या टपरीवरही मत देऊ नका. सप्टेंबर 2023 च्या भूकंपात अ‍ॅटलास डोंगरातली गावं फार पडली. तिकडे जायचं असेल तर रस्त्याची आणि राहण्याची चौकशी मराकेशमध्येच करून घ्या.