खांद्याचा धक्का आणि खिशाचा धक्का : अर्ध-स्वयंचलित शॉटगन सामान्यांच्या हाती कशी आली?

१/
८ जानेवारी १९०२, न्यूयॉर्क. रेमिंग्टन या शस्त्रकंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांना भेटण्यासाठी ४६ वर्षांचा एक संशोधक बाहेरच्या खोलीत बसला होता, असे सांगितले जाते. त्याच्याजवळ एका नव्या बंदुकीचा नमुना होता. भेट झालीच नाही. त्याच दिवशी हार्टली यांचे हृदयविकाराने निधन झाले. संशोधकाचे नाव जॉन मोझेस ब्राउनिंग.

२/
मातीच्या तबकड्या टिपण्याच्या खेळात उतरणारा नवा नेमबाज आज एक प्रश्न हमखास विचारतो : परवडेल अशी अर्ध-स्वयंचलित शॉटगन कोणती घ्यावी? या साध्या प्रश्नामागे शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्यात पेटंटचे भांडण आहे, एक घातक चूक आहे आणि कारागिराच्या हातातले कसब यंत्रात उतरवण्याची दीर्घ धडपड आहे. सुरुवात मात्र बंदुकीपासून नव्हे, लक्ष्यापासून करावी लागते.

३/
एकोणिसाव्या शतकात या खेळाचे लक्ष्य जिवंत कबुतर असे. ते पेटीत कोंडत, दोरी ओढून पेटी उघडत आणि उडालेल्या पक्ष्यावर नेम धरत. १९०० साली पॅरिस ऑलिंपिकच्या काळातही अशी स्पर्धा झाली. बेल्जियमच्या लेऑं द लुंदेन याने २१ कबुतरे मारून ती जिंकली. पुढे ब्रिटनने १९२१ साली कायदा करून कोंडलेल्या पक्ष्यांवरील नेमबाजीस बंदी घातली.

४/
पर्यायाचा शोध त्याआधीच सुरू झाला होता. अमेरिकेत ॲडम बोगार्डस या नेमबाजाने काचेचे पोकळ गोळे हवेत फेकण्याची पद्धत लोकप्रिय केली. पण गोळा पक्ष्यासारखा उडत नाही. तो वर जातो आणि खाली पडतो. शिवाय मैदानभर काचा पसरत. त्यावर उपाय शोधला सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्कीने. मुलांना पाण्यावर शिंपले तिरपे फेकताना पाहून त्याला चपट्या तबकडीची कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. १८८० साली त्याने तिचे पेटंट घेतले.

५/
लिगोव्स्कीची तबकडी खरोखरच भाजलेल्या मातीची होती आणि इतकी टणक होती की छरे लागूनही अनेकदा फुटत नसे. पुढे डांबरासारखा राळयुक्त पदार्थ आणि चुनखडीची पूड यांच्या मिश्रणातून ठिसूळ तबकडी बनू लागली. तिचा व्यास सुमारे ११ सेंटिमीटर आणि वजन १०० ग्रॅमच्या आसपास. माती गेली, पण ‘क्ले’ हे नाव टिकले. या तबकडीने खेळ स्वस्त केला आणि त्याच वेळी एक नवी अडचण उभी केली : आता एका दिवसात शंभर-शंभर गोळ्या झाडता येऊ लागल्या.

६/
शंभर बार म्हणजे खांद्यावर शंभर धक्के. भारतात जिला लोक ‘बारा बोअर’ म्हणतात, तीच या खेळाची मुख्य बंदूक. एक पौंड शिशाचे बारा समान गोळे केले तर त्यातील एका गोळ्याचा जो व्यास, तोच या बंदुकीच्या नळीचा व्यास. एवढ्या रुंद नळीतून छऱ्यांचा भार वेगाने बाहेर पडतो, तेव्हा त्याची प्रतिक्रिया दस्त्यातून थेट खांद्यावर येते. पंचविसाव्या बाराला न जाणवणारी वेदना ऐंशीव्या बाराला डोळे मिटायला लावते, आणि डोळे मिटले की नेम चुकतो.

७/
दुसरी अडचण पैशाची होती. तबकडी निसटली तर लगेच दुसरा बार हवा, म्हणून जोडनळीची बंदूक प्रतिष्ठेची मानली जाई. पण दोन नळ्या अशा जोडाव्या लागतात की दोहोंतील छरे ठराविक अंतरावर एकाच जागी जावेत. हे काम कुशल कारागिराचे. कानस आणि डाग यांच्या आधाराने, चाचणी घेत घेत ते करावे लागे. म्हणून उत्तम जोडनळी महाग असे. एकाच नळीतून, हात न हलवता दुसरा बार काढता आला, तर हा खर्चिक जोडच टळणार होता.

८/
ब्राउनिंगने नेमके हेच साधले. यूटातील ऑग्डेन या गावचा हा बंदूकघडयाचा मुलगा. १८८३ पासून त्याची संशोधने विंचेस्टर ही कंपनी एकरकमी विकत घेत होती. नव्या बंदुकीत त्याने धक्क्यालाच कामाला लावले. बार उडताच नळी आणि बोल्ट एकमेकांत अडकलेले असे मागे सरकतात. मागे पोहोचल्यावर बोल्ट थांबतो, नळी एकटी पुढे परतते आणि रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. मग बोल्ट नवे काडतूस घेऊन पुढे येतो. प्रत्येक बारासाठी चाप मात्र पुन्हा ओढावा लागतो, म्हणून ही बंदूक ‘अर्ध’-स्वयंचलित.

९/
१९०० साली पेटंट मिळाले. या वेळी ब्राउनिंगने एकरकमी किंमत नाकारली आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंदुकीमागे स्वामित्वधन मागितले. विंचेस्टरचे प्रमुख टी. जी. बेनेट यांनी नकार दिला. तशी प्रथा कंपनीत नव्हती. एकोणीस वर्षांचे नाते तुटले. ब्राउनिंग रेमिंग्टनकडे गेला आणि तिथे हार्टलींच्या मृत्यूने दार बंद झाले.

१०/
मग त्याने अटलांटिक ओलांडला. बेल्जियममधील लिएज शहराजवळच्या हेर्स्टाल येथील एफएन हा कारखाना त्याची पिस्तुले आधीपासून बनवत होता. १९०२ साली करार झाला, आणि पहिल्या १०,००० बंदुकांची मागणी ब्राउनिंगने स्वतःच नोंदवली. हीच पुढे ‘ऑटो-५’ म्हणून ओळखली गेली. अमेरिकेच्या आयातशुल्कामुळे तिथे ती महाग पडू लागली, तेव्हा तिच्या निर्मितीचा परवाना अखेर रेमिंग्टनलाच मिळाला. १९०५ पासून रेमिंग्टनची आवृत्ती बाजारात आली. ती पुढे ‘मॉडेल ११’ झाली.

११/
विंचेस्टरपुढे आता विचित्र पेच होता. ब्राउनिंगच्या पेटंटची कामे पूर्वी विंचेस्टरचीच माणसे पाहत असत, त्यामुळे त्या पेटंटला पळवाट अशी उरलीच नव्हती. कंपनीचा अभियंता टी. सी. जॉन्सन याने अनेक वर्षे खपून १९११ साली पर्यायी बंदूक तयार केली. पण बोल्टला खटका लावून तो मागे ओढण्याची रीत पेटंटमध्ये अडकलेली होती. म्हणून जॉन्सनने नळीवरच खरखरीत पकड दिली. बंदूक सज्ज करायची तर हाताने नळी मागे ढकलायची.

१२/
यात घात होता. त्या काळची काडतुसे कागदाच्या पुठ्ठ्याची असत. दमट हवेत ती फुगत आणि नळीत अडकून बसत. मग अधीर माणूस दस्ता जमिनीवर टेकवी, नळीचे तोंड स्वतःकडे करी आणि जोर लावून नळी खाली दाबी. अशा वेळी बार उडाला की चेहरा समोरच असे. या बंदुकीला ‘विधवा करणारी’ असे टोपणनाव पडले. १९२५ पर्यंत तिच्या ८० हजारांहून अधिक प्रती बनल्या, आणि मग उत्पादन थांबले. मालकाने वाचवलेले स्वामित्वधन शेवटी वापरणाऱ्याने फेडले.

१३/
ब्राउनिंगची रचनाही निर्दोष नव्हती. काडतुसांच्या नळीवर ब्राँझचा घर्षणतुकडा आणि पोलादी कडी असत. जड काडतुसांसाठी त्यांचा क्रम एक, हलक्यांसाठी दुसरा. क्रम चुकला तर हलके काडतूस पूर्ण फेकले जात नसे, आणि जड काडतुसाने बंदुकीचे लाकूड तडकत असे. शिवाय नळी मागे-पुढे धावल्याने खांद्याला एका बारात दोन हिसके जाणवत. कारागिराची जागा यंत्राने घेतली होती, पण यंत्र जाणून घेण्याची जबाबदारी आता मालकावर आली होती.

१४/
दरम्यान खेळही बदलत होता. मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथे चार्ल्स डेव्हिस आणि त्याच्या सोबत्यांनी घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे वर्तुळावर फिरत तबकड्या टिपण्याचा सराव सुरू केला. शेजारी कोंबड्यांचा वाडा आला, तेव्हा छरे तिकडे जाऊ नयेत म्हणून वर्तुळाचे अर्धवर्तुळ झाले. १९२६ साली एका नियतकालिकाने नावासाठी स्पर्धा घेतली आणि ‘स्कीट’ हे नाव ठरले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने विमानातील मशीनगनधाऱ्यांना धावत्या लक्ष्याच्या पुढे नेम धरायला शिकवले, ते याच खेळातून. त्या सरावात ‘मॉडेल ११’ मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

१५/
शोध १९०० चा, पण खरी स्वस्ताई युद्धानंतर आली. ‘मॉडेल ११’ चे अनेक भाग पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढावे लागत. तिची वारसदार ‘११-४८’ हिच्यात पत्र्यातून ठोकून काढलेले भाग आले, आणि एकच भाग अनेक बंदुकांत बसेल अशी आखणी झाली. मग १९६३ साली रेमिंग्टनने ‘१११००’ नव्हे, तर नुसत्या ‘११००’ या आकड्याने ओळखली जाणारी बंदूक आणली. तिच्यात नळी जागची हलत नाही. नळीला पाडलेल्या बारीक छिद्रांतून दारूचा थोडा वायू बाहेर येतो आणि दट्ट्या ढकलून बोल्ट मागे नेतो.

१६/
वायूच्या या युक्तीने नेमबाजांचे खांदे वाचले. धक्क्याचा एकूण संवेग कमी होत नाही, तो अधिक वेळात वाटला जातो. भरलेली घागर खांद्यावर आदळणे आणि तीच हळू टेकवणे, यात जो फरक तोच इथे. ‘११००’ च्या लाखो प्रती खपल्या. तिचीही एक अट होती : वायूबरोबर काजळी येते. छिद्रे व दट्ट्या साफ ठेवावे लागतात, आणि नळीच्या जोडावरची एक छोटी रबरी कडी झिजली तर सारी यंत्रणा अडते. या बंदुकीचे जाणते मालक ती सुटी कडी जवळ बाळगतात.

१७/
तिसरा मार्ग इटलीतून आला. ब्रुनो चिवोलानी याच्या कल्पनेवर १९६७ साली उर्बिनो येथे बेनेली ही शस्त्रकंपनी उभी राहिली. हिच्यात वायूही नाही आणि धावती नळीही नाही. बार उडताच सारी बंदूक मागे येते, पण बोल्टचा जड भाग जडत्वाने जागीच राहू पाहतो. मधली ताठ स्प्रिंग दाबली जाते आणि मग तीच बोल्टला मागे फेकते. काजळी कमी, भाग कमी, वजन कमी. मात्र धक्का वाटून घेणारे कुणी नसल्याने तो खांद्याला अधिक जाणवतो, आणि फार हलकी काडतुसे कधी कधी बोल्ट फिरवू शकत नाहीत.

१८/
मूळ पेटंटांची मुदत संपत गेली, तशा या रचना इतरांना खुल्या झाल्या. तुर्कस्तानच्या कोन्या प्रांतातील हुलू या गावात बंदुका घडवण्याची जुनी परंपरा आहे. १९६२ साली तिथल्या कारागिरांनी सहकारी संस्था काढली. आज जगातील स्वस्त अर्ध-स्वयंचलित शॉटगनचा मोठा हिस्सा तुर्कस्तानातून येतो. काही पाश्चात्त्य नावांच्या बंदुकाही तिथेच बनतात. विंचेस्टरने ज्या स्वामित्वधनापायी ब्राउनिंगला गमावले, ते आता कुणालाच द्यावे लागत नाही.

१९/
भारतीय वाचकाला मातीच्या तबकडीची ओळख प्रामुख्याने दोन नावांनी आहे : १९६२ च्या कैरो जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवणारे बिकानेरचे महाराजा करणी सिंह आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅपचे रौप्य जिंकणारे राज्यवर्धनसिंह राठोड. जागतिक स्पर्धांत आजही जोडनळीचेच राज्य आहे. दोन नळ्यांची तोंडे वेगवेगळ्या प्रमाणात आवळता येतात. बंदूक मोडून हातावर धरली की ती निर्धोक आहे हे सर्वांना दिसते. अर्ध-स्वयंचलित बंदूक रिकामे काडतूस शेजाऱ्याच्या अंगावर फेकते आणि तिची रिकामी नळी लांबून ओळखू येत नाही. म्हणून बोल्ट उघडा ठेवणे, त्यात रंगीत खूण अडकवणे हे शिष्टाचार मैदानावर पाळावे लागतात.

२०/
मग परवडणारी बंदूक निवडायची कशी? इतिहास तीन कसोट्या देतो. पहिली : दिवसाला शंभर तबकड्या आणि हलकी काडतुसे असतील, तर वायूवर चालणारी, थोडी जड बंदूक खांद्याला सुखाची. साफसफाईचा कंटाळा असेल तर जडत्वाची, पण ती हलकी काडतुसे पचवते का हे आधी झाडून पाहावे. दुसरी : सुटे भाग दहा वर्षांनीही मिळतील का? रबरी कडीवाचून ‘११००’ थांबते, तशी प्रत्येक बंदूक कशावर तरी थांबते. तिसरी : दस्ता अंगाला बसतो का? गाल टेकवताच डोळा नळीच्या रेषेत यायला हवा. तो आला नाही, तर कोणतीही यंत्रणा तबकडी फोडून देत नाही.

२१/
आणि किमतीचा फरक दिसला की विचारावे, बचत नेमकी कुठे झाली? ‘११-४८’ मध्ये ती उत्पादनाच्या पद्धतीत झाली होती, म्हणून ग्राहकाचा फायदा झाला. १९११ च्या विंचेस्टरमध्ये ती रचनेत झाली होती, म्हणून ग्राहकाचा जीव धोक्यात आला. दुकानाच्या फळीवर दोन्ही बंदुका सारख्याच चकचकीत दिसल्या असत्या.

२२/
ब्राउनिंग १९२६ साली हेर्स्टालच्या त्याच कारखान्यात, काम करत असतानाच वारला. त्याच्या रचनेची बंदूक विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बनत राहिली. आज एखादा विद्यार्थी किंवा नोकरदार जमवलेल्या पैशांत अर्ध-स्वयंचलित शॉटगन घेऊन मैदानावर उभा राहतो, तेव्हा त्याच्या हातातली यंत्रणा बहुधा ब्राउनिंगची नसते. पण खांद्यावर येणारा धक्का वाया न घालवता त्याच्याकडून काम करून घ्यावे, हा विचार शॉटगनमध्ये यशस्वी करून दाखवला तो न्यूयॉर्कच्या त्या खोलीत वाट पाहत बसलेल्या माणसाने.