काशीबाई कानिटकरांचे माहेर

मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती ‘यमुनापर्यटन’ इ. स. १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते बाबा पदमनजी यांचा जन्म आमच्या बेळगावचा. विधवांची दुःस्थिती हा तिचा विषय होय. मराठी कादंबरी जन्मास आली ती अशी स्त्रीच्या दुःखाची वार्ता घेऊनच. परंतु ती वार्ता स्त्रीने स्वतः लिहावयाची, तर आधी तिला अक्षरे यावयास हवीत. ही अक्षरे तिच्यापर्यंत कशी पोहोचली, हे काशीबाई कानिटकरांच्या बालपणावरून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या वडगावहून निपाणी व कोल्हापूर ओलांडून सांगलीकडे वळले, की सांगली आणि इस्लामपूर यांच्या दरम्यान आष्टे हे गाव लागते. तेथील बापटांच्या सुखवस्तु ब्राह्मण घराण्यात २० जानेवारी १८६१ रोजी काशीबाईंचा जन्म झाला. घरी संपन्नता होती. मुलीस शिकविण्याची रीत मात्र नव्हती. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली त्यास तेव्हा तेरा वर्षे झाली होती. पण त्या शाळेचा वारा आष्ट्याच्या वाड्यापर्यंत पोहोचला नव्हता. माहेरी धान्याची कोठारे भरलेली असोत, मुलीच्या हाती पाटी येत नसे. द्रव्य आणि विद्या यांची सांगड आपोआप पडत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

नवव्या वर्षी काशीबाईंचा विवाह गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी झाला. वर सोळा वर्षांचा, विद्येचा व काव्याचा भोक्ता. पत्नी सुशिक्षित असावी ही त्याची इच्छा. अक्षरओळख नसलेल्या त्या मुलीने ती इच्छा आपल्या जिद्दीने पुरी केली. तिने मराठी आत्मसात केली, पुढे संस्कृत व इंग्रजीशीही परिचय करून घेतला. परंतु पतीची इच्छा म्हणजे साऱ्या घराची संमती नव्हे. एकत्र कुटुंबात सुनेने पुस्तक हाती धरणे हे वडीलधाऱ्या बायकांस रुचत नसे. जवळच्याच देवराष्ट्रे येथे १८६२ साली जन्मलेल्या रमाबाई रानडे यांनीही लग्नानंतर शिक्षणापायी घरच्या स्त्रियांचे बोल सोसले, हे त्यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींतून आपणांस ज्ञात आहे. म्हणजे एकाच मुलखात, एका वर्षाच्या अंतराने जन्मलेल्या या दोघींचे शिक्षण माहेरी होऊ शकले नाही. ते सासरी, आणि तेही विरोध सोसून झाले.

ही गत आपल्याच देशातली असे कोणी समजू नये. इंग्रजी कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी १७५२ साली जन्मली. पिता चार्ल्स बर्नी संगीताचा नामांकित पंडित. घरी ग्रंथ आणि गुणीजनांचा राबता. तरीही आठव्या वर्षी तिला अक्षरे येत नव्हती, दहाव्या वर्षी आई गेली, आणि पित्याने दोघी बहिणींस पॅरिसला शिकावयास धाडले तेव्हा ती घरीच राहिली. १७६७ साली, पंधराव्या वाढदिवशी, तिने आपले सारे लेखन जाळून टाकले. त्या राखेतूनच पुढे ‘एव्हलिना’ उभी राहिली. १७७८ साली ती निनावी छापली गेली, आणि लेखिका कोण हे आरंभी पित्यासही ठाऊक नव्हते. तिला पित्याची ग्रंथशाळा लाभली; काशीबाईंना तेवढेही माहेरी मिळाले नाही. लिहिण्याचा संकोच मात्र दोन्हीकडे सारखाच!

साळूबाई तांबवेकरांची ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ ही कथा १८७३ सालची; तीनंतर काशीबाईंची ‘रंगराव’ ग्रंथरूपाने आली ती १९०३ साली. म्हणजे लेखिका बेचाळीस वर्षांची झाल्यावर. १९२८ च्या ‘पालखीचा गोंडा’च्या वेळी त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या. १९४८ साली त्यांचे निधन झाले, आणि त्यानंतर तीसेक वर्षांनी सरोजिनी वैद्य यांनी त्यांचे आत्मचरित्र संपादून वाचकांपुढे ठेवले.

पतीच्या उत्तेजनाने काशीबाई शिकल्या, असे एक वाक्य आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. त्यात गोविंदरावांचे श्रेय येते. आष्ट्याच्या घरात वाया गेलेली नऊ वर्षे येत नाहीत, आणि पुढे काशीबाईंनी स्वतः उपसलेले कष्टही येत नाहीत. उत्तेजन एकाचे असले तरी अध्ययन दुसऱ्याचेच असते, हे शिक्षकास तरी सांगावे लागू नये. आज आमच्या शाळेत मुली पहिल्या बाकावर बसतात. त्यांना काशीबाईंचे नाव शिकविताना, पाटीवाचून गेलेले ते बालपणही आम्ही शिकविले पाहिजे. नाही तर पाटी हाती असण्याचे मोल त्यांना कसे कळावे?