इग्नेशियसचे ठिपके

फोनमधला हॅबिट ट्रॅकर मी तीनदा काढून टाकलाय. एक दिवस चुकला की साखळी तुटते आणि मग सगळंच सोडून द्यावंसं वाटतं. म्हणूनच इग्नेशियस लोयोलाच्या (गोव्याच्या फ्रान्सिस झेवियरचा हा मित्र) १५४८ साली छापलेल्या साधनेच्या पुस्तकातला तक्ता पाहून थबकलो.

दोष एकच निवडायचा. सकाळी उठताच त्याची आठवण करायची. दुपारी आणि रात्री जेवणानंतर हिशेब. दिवसाला दोन रेघा, घसरलो तितके ठिपके. आठवडाभर रेघा आखूड होत जातात. उद्या कमी ठिपके लागतील, ही अपेक्षा तक्त्यातच आहे! मधल्या वेळात चुकलं तर नुसता छातीवर हात ठेवायचा. शेजारच्याला कळतही नाही.

पण एकच दोष का? १५२२ साली स्पेनमधल्या मानरेसात हा माणूस जुनी पापं पुन्हापुन्हा कबूल करत होता. समाधान होईना, जीव द्यावा असंही मनात येई. सगळंच मोजण्याची किंमत त्याने भोगली होती, असं मला वाटतं. शेवटी जुन्या पापांची उजळणी त्याने थांबवली. रोजचा हिशेब मात्र चालू ठेवला.