एका तापाची बखर

१९६१ सालच्या जानेवारीत टोकियो येथील रेडक्रॉसच्या मध्यवर्ती रुग्णालयात सव्वाचार वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. अंगात सडकून ताप, डोळे गुंजेसारखे लाल, पण त्यांत चिपडे नाहीत, ओठ सुकून फाटलेले, जीभ लालभडक व खरबरीत, मानेला गाठ, अंगभर पुरळ, आणि तळहात-तळपाय सुजून तांबडे झालेले. पुढे ताप ओसरला तेव्हा बोटांच्या टोकांपासून कातडी सालीसारखी सुटू लागली. त्याला तपासणारे डॉक्टर तोमिसाकु कावासाकी त्या वेळी पस्तीस वर्षांचे होते. दहा वर्षे ते त्याच रुग्णालयात मुलांची दुखणी पाहत आले होते. गोवर म्हणावा तर गोवर नव्हे. लोहितज्वर, म्हणजे डॉक्टर मंडळी ज्याला स्कार्लेट फीव्हर म्हणतात तो, असावा म्हटले तर त्याच्या खुणाही पुरत्या जुळेनात. मुलगा आपला आपण बरा होऊन घरी गेला आणि कावासाकींनी त्याच्या कागदावर निदानाच्या जागी लिहिले, ‘अज्ञात’.

माझ्यासारख्या शाळामास्तराला या एका शब्दाचे फार कौतुक वाटते. उत्तर येत नसले की आमची मुले काहीबाही लिहून जागा भरून टाकतात. आणि एकदा जागा भरली की त्या प्रश्नाकडे पुन्हा कोणी ढुंकून पाहत नाही. कावासाकींनी ती जागा रिकामी ठेवली. म्हणूनच पुढल्या वर्षी तसेच ओठ, तसेच डोळे घेऊन दुसरे मूल आले तेव्हा त्यांना पहिले आठवले. १९६२ साली अशा सात मुलांची हकिकत त्यांनी बालरोगतज्ज्ञांच्या सभेत मांडली. सभेने ती फारशी मनावर घेतली नाही. जुन्याच रोगाचे हे एखादे वाकडेतिकडे रूप असेल, त्यासाठी नवे नाव कशाला, असा एकूण सूर होता. कावासाकी वाद घालीत बसले नाहीत. ते मुले मोजीत राहिले. १९६७ साली त्यांनी पन्नास मुलांचे वर्णन चव्वेचाळीस पानांत छापले. तेही जपानी भाषेत! बाहेरच्या जगाला ते इंग्रजीत वाचायला मिळाले १९७४ साली.

हा रोग आपोआप बरा होतो व मागे काही ठेवीत नाही, अशी त्यांची त्या वेळी समजूत होती. परंतु टोकियोच्याच सेंट ल्यूक रुग्णालयातील डॉ. यामामोतो यांना अशा मुलांच्या हृदयाच्या आलेखांत बिघाड दिसू लागला होता. १९७० साली जपानभर पाहणी झाली आणि दुखण्यातून उठता उठता काही मुले अकस्मात गेल्याचे उघड झाले. शवचिकित्सेत आढळले, की हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या भिंती दाहाने सैल पडून फुग्यासारख्या फुगल्या होत्या व त्यांत रक्ताची गुठळी अडकली होती. आईबापांनी ज्या दिवशी निःश्वास सोडावा, त्याच दिवसांत हा दगा! मग जाणत्यांना जुनी नोंद आठवली. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील सॅम्युएल गी यांनी १८७१ सालीच सात वर्षांच्या एका मुलाच्या हृदयात असे फुगे पाहून लिहून ठेवले होते. म्हणजे रोग जुनाच. नावाला मात्र शंभर वर्षे थांबावे लागले.

उपचार सापडला तो चमत्कारिकच म्हणावा लागेल. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून प्रतिपिंडे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, गोळा करून ती मुलाच्या शिरेतून द्यायची. १९८४ साली जपानात व १९८६ साली अमेरिकेत याचे गुण सिद्ध झाले. उपचाराविना चारांतल्या एका मुलाच्या रोहिण्या फुगत. वेळीच उपचार झाला तर ते प्रमाण शंभरात पाचांच्या आसपास आले. हजारो अनोळखी माणसांच्या प्रतिपिंडांनी एका पोराच्या शरीरातला दंगा कसा शमतो, याचा संपूर्ण उलगडा अजूनही झालेला नाही.

ही सारी पूर्वपीठिका सांगण्याचे कारण २०२० साल. कोविडची साथ उसळली तेव्हा साऱ्या जगाने एकच दिलासा मानला होता, की हा विषाणू मुलांना सहसा छळत नाही. एप्रिलच्या मध्यास लंडनच्या एव्हलिना बाल-रुग्णालयातील डॉक्टरांपुढे दहा दिवसांत आठ मुले आली. चढा ताप, पुरळ, लाल डोळे, पोटात कळा, आणि रक्तदाब घसरत चाललेला. खोकला-दम्याचे फारसे नाव नाही. नाकाघशात विषाणू शोधला तर तोही नाही! त्यांतला चौदा वर्षांचा एक मुलगा दगावला. इकडे इटलीतील बेर्गामो शहरी, जिथे महिनाभरापूर्वी शवपेट्या न्यायला लष्कराच्या मोटारी आणाव्या लागल्या होत्या, तिथे दोन महिन्यांत कावासाकींच्या रोगासारखी दहा मुले आली. त्या रुग्णालयाने मागल्या पाच वर्षांत मिळून अशी एकोणीस पाहिली होती. दहांतल्या दोघांच्याच नाकात विषाणू सापडला. पण आठांच्या रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे होती. म्हणजे पाहुणा येऊन गेला होता आणि घर मागाहून पेटले होते.

पहिल्या मुलापासून पन्नास मुलांच्या लेखापर्यंत जायला कावासाकींना सहा वर्षे लागली. या वेळी एप्रिलच्या अखेरीस ब्रिटनमध्ये इशारा गेला, आणि मेच्या मध्यास अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने व जागतिक आरोग्य संघटनेने व्याख्या ठरवून ‘मुलांतील बहुअवयवी दाहविकार’ असे नावही दिले. लाल डोळे व फाटलेले ओठ पाहून कोणता धोका ओळखायचा, कोणत्या रोहिण्या तपासायच्या, कोणते औषध हाताशी घ्यायचे, हे आता ठाऊक होते. मुंबईच्या रुग्णालयांतही त्या पावसाळ्यात अशी मुले आली, आणि येथील बालरोगतज्ज्ञांनी त्यांची हकिकत त्याच वर्षी छापली. प्रतिपिंडे व स्टेरॉइडे यांच्या जोरावर बहुतेक मुले वाचली. आपले नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत आल्याचे त्या दिवसांत कावासाकींना कळले असेल काय? ५ जून २०२० रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, ते वारले.

दोन रोग सारखे दिसले तरी एक नव्हेत. कावासाकींचा रोग बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना गाठतो. हा नवा विकार आठ-नऊ वर्षांच्या शाळकरी मुलांना अधिक होई, आणि संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी. यात पोट व हृदयाचे स्नायू फार लवकर सापडत. शिवाय संसर्ग झालेल्या काही हजार मुलांत एखाद्यालाच तो गाठी. त्याच एकाला का?

मी वैद्यकाचा अभ्यासू नाही. समजले ते माझ्या पद्धतीने सांगतो. आपल्या रक्तात ‘टी’ नावाच्या पेशी असतात. त्या गावच्या जागल्यांसारख्या समजा. प्रत्येकाला एकेकच चोर ओळखता येतो, म्हणून एका चोरासाठी दोनचार जागलेच उठतात. या मुलांच्या रक्तात मात्र २०२० नंतरच्या तपासात असे दिसले, की जागल्यांची एक आख्खी भावकीच्या भावकी एकदम काठ्या घेऊन उठली आहे. चोर केव्हाच शिवेपलीकडे गेला, आणि यांचा धुडगूस मात्र गावातच चालू. अशी भावकी उठवणारी द्रव्ये काही जंतूंपाशी असतात, हे पूर्वीपासून माहीत होते. या विषाणूच्या काटेरी आवरणात तसाच एखादा तुकडा असावा, असा तर्क काहींनी केला.

२०२४ साली ‘नेचर’ पत्रिकेत त्याहून विलक्षण गोष्ट प्रसिद्ध झाली. या विकाराच्या सुमारे एकतृतीयांश मुलांच्या रक्तात स्वतःच्याच एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे सापडली. त्या प्रथिनाचे नाव एस्.एन्.एक्स. ८. त्याचा एक लहानसा तुकडा विषाणूच्या प्रथिनातल्या एका तुकड्याशी हुबेहूब मिळताजुळता होता, आणि काही टी पेशी त्या दोहोंवरही धावून जात होत्या. चावडीवर चोराचे वर्णन ‘उजव्या गालावर तीळ’ एवढेच लागावे आणि घरचाच माणूस तशा तिळाचा निघावा, तसे झाले! पण हा झाला तिसऱ्या हिश्श्याचा खुलासा. उरलेल्यांचे काय? बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाच्या संशोधकांनी २०२५ साली आणखी एक धागा दाखवला. शरीरात वर्षानुवर्षे निजून राहणारा एपस्टाइन-बार नावाचा दुसराच विषाणू या गोंधळात जागा होतो, असे त्यांना आढळले. निरनिराळ्या वाटांनी मुले एकाच खड्ड्यात पडत असावीत, असे मला तरी हे सारे वाचून वाटते.

२०२२ नंतर, विषाणूचे रूप पालटले व लस आणि संसर्ग यांनी बहुतेकांना त्याची ओळख झाली, तेव्हापासून हा विकार विरळ झाला आहे. कावासाकींचा मूळ रोग मात्र आहे तिथेच आहे, आणि त्याचे कारण अद्याप कोणास सापडलेले नाही. एक नोंद तेवढी संशोधकांच्या मनात घोळते आहे. जपानात २०१९ साली १७ हजारांहून अधिक मुलांना तो झाला होता. २०२० साली शाळा बंद झाल्या, लहानथोर साऱ्यांच्या तोंडावर मुखपट्ट्या आल्या, आणि त्या वर्षी हा आकडा ११ हजारांवर उतरला. हवेतून किंवा माणसांतून मुलांपर्यंत पोहोचणारे काहीतरी त्या वर्षी वाटेतच अडले. ते काय होते, याचा शोध चालू आहे.